आत्याबाईंची उलटतपासणी

नागापूर, नगर
८ डिसेंबर २०२४

जया,

हे पत्र रागात लिहिते आहे, म्हणून खुशाली शेवटी विचारीन. विचारली तर.

सृष्टीच्या साखरपुड्यात तिची ओटी तिच्या एकुलत्या एक मामीनं भरायची होती. गुरुजी खोळंबलेले, मुलाकडची माणसं माना उंच करून बघतायत, फोटोवाला ओरडतोय, "मामी कुठायत, मामी?" आणि मामी कुठं, तर कार्यालयाच्या मागच्या खोलीत, आहेराच्या टॉवेल-टोप्यांच्या ढिगावर, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. माझ्या कामावरची मोनिका तुला उठवायला आली, तर तू तिलाच म्हणालीस, "थांब की गं, आत्ताच तर पडले." शेवटी ओटी माझ्या जावेनं भरली. आता माझी लेक आजीबाई होईपर्यंत ती ते सांगत फिरेल.

तू पाठच्या भावाची बायको असलीस तरी तुला मी बहिणीसारखी मानते, म्हणून स्पष्ट लिहिते. दिवसा झोपणाऱ्या बायकांची मला चीड आहे आणि ती का आहे हे तुला ठाऊक आहे. आई भरदुपारी गोधडी ओढून पडायची आणि चूल, धुणं, धाकट्या आदिनाथला सांभाळणं, सगळं माझ्या गळ्यात. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती त्यापायी. आमच्या बाई घरी सांगायला आल्या होत्या, "पोर हुशार आहे, पाठवा." आई अंथरुणातून उठलीसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तू त्या वाटेनं जाऊ नकोस.

फोनवर बोलले असते, पण तुमच्याकडे फोन म्हणजे चावडी. कायम स्पीकरवर, आणि आई हातातलं टाकून ऐकायला बसणार. म्हणून गावातल्या गोरक्षच्या हाती चिठ्ठी देते. त्याचा पेरूचा टेम्पो मार्केटला येतो, तेव्हा इथून जातोच.

तब्येत कशी आहे?

आरती

---

पुणतांबा
१५ डिसेंबर २०२४

आरतीताईंना,

तुमची चिठ्ठी गोठ्यात बसून वाचली. गाईशिवाय दुसरं कोणी ऐकणारं नको होतं.

चुकले. सृष्टीची माफी मी स्वतः मागेन. पण तुम्ही लिहिलंय तशी मी झोपायला म्हणून गेले नव्हते हो. टॉवेल मोजायला गेले, जरा टेकले, आणि पुढचं मला आठवतच नाही. असं हल्ली रोज होतं. परवा धार काढताना गाईच्या कुशीला कपाळ लावलं तर तिथंच डुलकी लागली. गाय भली म्हणून उभी राहिली, नाहीतर बादलीसकट गेले असते.

किती दिवस लपवते आहे. सकाळी उठते ती जणू आदल्या दिवसाचं काम अजून संपलंच नाही अशी. तोंड सुजलेलं, बांगड्या मनगटात रुतलेल्या. आवाज असा घोगरा झालाय की डेअरीवाल्यानं फोनवर मला "दादा" म्हटलं. केस गळून वेणीची शेपटी राहिली. दिवाळीआधी सगळे पंख्याखाली बसायचे तेव्हाही मी शाल शोधायचे. जेवण निम्म्यावर आलंय तरी ब्लाउज उसवावे लागतात. तुमचे बंधू म्हणतात, "तू मनानं घेतलंयस." मी म्हटलं, मनाला एवढी फुरसत कुठाय?

गेल्या महिन्यात सप्ताहात आपल्या घरावर भाकरीची पाळी होती. टोपलंभर भाकरी द्यायच्या. निम्म्या झाल्या आणि हात वर होईनात. बाकीच्या शेजारच्या राहीबाईनं थापून दिल्या. देवाच्या पंगतीला कमी पडले, ह्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं.

आत्याबाई काही बोलत नाहीत, पण त्यांची नजर माझ्यावर असते. तुमची आई आहे म्हणून राग मानू नका, पण त्या माझी परीक्षा घेतात असं वाटतं. मधेच विचारतात, "व्हय गं, तुला सकाळी बोटं आवळल्यावानी व्हत्यात का?" मी हो म्हटलं की उठून जातात. दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न. मी खोटं बोलते का हे ताडून बघतात बहुतेक.

पेरू पाठवलेत. वरचे जरा कच्चे आहेत.

जया

---

नागापूर
२२ डिसेंबर २०२४

जया,

राग निम्मा गेला. उरलेला निम्मा तू डॉक्टरकडे गेली नाहीस ह्याचा.

तुझी चिठ्ठी मी डब्याच्या सुट्टीत मोनिकाला वाचून दाखवली. माफ कर, पण बरं झालं. ती हसायलाच लागली. म्हणाली, "ताई, ही तर माझीच गोष्ट." दोन वर्षांपूर्वी तिला पॅकिंगच्या टेबलावर झोप यायची, सुपरवायझर रोज ओरडायचा. मग रक्त तपासलं तर थायरॉईड निघालं. आता गोळी घेते आणि माझ्याही आधी खोकी भरून मोकळी होते.

तेव्हा श्रीरामपूरला जा. उद्याच. कांदा, गाय, पाहुणा, काही कारण सांगू नकोस. आदिनाथ नेत नसेल तर एसटीनं जा. आणि आईच्या प्रश्नांकडे लक्ष देऊ नकोस. जिनं जन्मभर लोळून काढलं तिनं दुसऱ्याची झोप मोजावी, म्हणजे कमालच झाली.

आरती

---

पुणतांबा
१२ जानेवारी २०२५

आरतीताईंना,

मोनिकाला म्हणावं, तुझं बरोबर निघालं. मला थायरॉईड आहे. कमी काम करणारं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, गळ्यात एक ग्रंथी असते, ती सुस्त पडली की सगळं शरीर सुस्त पडतं. मी म्हटलं, "म्हणजे आळशी ती आहे, मी नाही?" तर त्या इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावली. मग म्हणाल्या, "तुम्ही आळशी नाही. ह्या रिपोर्टवर तुम्ही दोन्ही वेळच्या धारा काढताय, ह्याचंच मला नवल वाटतंय."

ताई, स्टँडवर येऊन बाकावर बसले आणि रडले. आजार निघाल्याच्या आनंदानं रडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. कोणीतरी छापील कागदावर लिहून दिलं की ही नाटक करत नाही.

बाकी आनंद तेवढाच. गोळी जन्मभर घ्यायची. तुमचे बंधू तिथंच विचारायला लागले, "एखादा कोर्स करून संपत नाही का?" नाही म्हणाल्या. आणि ती घ्यायची सकाळी, नुसत्या पाण्याबरोबर, त्यानंतर तासभर चहासुद्धा नाही. आपल्या घरात चहा घेतल्याशिवाय गाय दूध देत नाही, तुम्हाला माहीत आहेच. सगळे चुलीजवळ बशा फुंकत बसतात आणि मी बाहेर शेण काढते, म्हणजे वास तरी येत नाही.

मला वाटलं होतं, गोळी गिळली की दुसऱ्या दिवशी उड्या मारीन. तसलं काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिना-दीड महिना धीर धरा, मग परत रक्त बघू. धीर धरायलाही अंगात काहीतरी लागतं हो. कालच वरण लावलं आणि डाळच घातली नाही. नुसतं पाणी शिजत बसलं.

आत्याबाईंची उलटतपासणी चालूच आहे. आता तर डॉक्टर काय काय म्हणाल्या ते रोज विचारतात. "टाचांच्या भेगांचं इचारलं व्हतं का तिनं? आन् थंडीचं?" मी सगळं परत परत सांगते. बाटली हातात घेऊन खिडकीशी नेतात, हलवून बघतात. विश्वास बसत नसेल. एवढीशी गोळी आणि एवढी मोठी बाई.

जया

---

नागापूर
२ फेब्रुवारी २०२५

जया,

दोन पाळ्या लागोपाठ कराव्या लागल्या, म्हणून उशीर. आमच्याकडे माणसं कमी केलीत, कामं तेवढीच. आता मलाही खोक्यांवर झोप येते, पण ती साधी झोप आहे, काळजी करू नकोस. मोनिकानं हट्टानं माझं रक्त तपासून घेतलं. मी ठणठणीत आहे. नुसती दमलेली.

परवा आईचा फोन आला होता. म्हणे, "सूनबाई आता जरा हिंडती-फिरती. गोळीचा गुन हाय." तिच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे मोठंच. पण तिचा आवाज मला बरा वाटला नाही. ओढून ओढून बोलत होती. विचारलं तर म्हणाली, "वय झालं." वयाचं काय, ती माझ्या लहानपणीही अशीच बोलायची.

लग्न मे महिन्यात धरलंय. तोवर माणसात ये. ह्या वेळी ओटी भरायला मी तुझ्याशिवाय कोणाला पुढं होऊ देणार नाही.

आरती

---

पुणतांबा
९ मार्च २०२५

आरतीताईंना,

परत रक्त दिलं. आकडा उतरलाय, पण अजून हवा तिथं नाही, म्हणून गोळीची ताकद वाढवली. मला मात्र फरक कळतो. सकाळी बांगड्या फिरतात. कांद्याच्या वाफ्यात दुपारपर्यंत बसले, मधे झोपले नाही. संध्याकाळी अजूनही जीव जातो, पण तो दिवसभराचं काम करून जातो, ह्यात फार फरक आहे.

एक गोष्ट कोणाला सांगितली नाही, तुम्हाला सांगते. माझी बाटली लवकर संपते. डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला विचारलं, "इतक्यात नवी कशी लागली?" म्हणजे मी गोळी घेतल्याचं विसरून परत घेत असणार. त्यांनी बजावलं, जास्त गेली तर छाती धडधडेल, जपा. ताई, डाळीशिवाय वरण लावलं तेव्हा हसले, पण हे हसण्यासारखं नाही. माझं डोकं चाललंय की काय? अंगातलं बळ परत येतंय आणि अक्कल जातेय, असं तर नाही? रोज बाटलीकडे बघते आणि आठवत बसते, घेतली का नाही. घेतल्याचं पक्कं आठवतं. तरी गोळ्या कमीच.

आत्याबाईंनी प्रश्न विचारणं बंद केलंय. बहुतेक खात्री पटली.

जया

---

नागापूर
२७ मार्च २०२५

जया,

दवाखान्यात सगळ्यांसमोर तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर आवरलं नसतं. आईच्या छातीला त्या वायरी लावलेल्या, ती घामानं ओली, आणि तो डॉक्टर विचारतो, "थायरॉईडच्या गोळ्या ह्यांना कोणी दिल्या? आणि एवढ्या?" तू खाली बघत उभी होतीस. एक शब्द बोलली नाहीस. आदिनाथही नाही. मी पाळीवर परत आले ती सगळी वाट रडत.

आता विचारते. तू दिल्यास का? मला बरं वाटलं म्हणून तुम्हीही घ्या, असं करून? आपल्याकडे एकीच्या डोळ्यातले थेंब दुसरीच्या डोळ्यात जातात, गुडघ्याच्या गोळ्या साऱ्या आळीत वाटल्या जातात, हे मला माहीत आहे. पण तू तर चार वेळा डॉक्टरकडे जाऊन आलेली. आणि मला लिहितेस, बाटली लवकर संपते, माझं डोकं चाललंय. ते मला गुंडाळायला होतं का?

माझं आणि आईचं फारसं पटलं नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तरी ती माझी आई आहे. तिला काही झालं असतं तर लग्नात तुझ्या हातची ओटी मी घेऊ दिली नसती. खरं काय ते लिही.

आरती

---

पुणतांबा
४ एप्रिल २०२५

आरतीताई,

मी दिल्या नाहीत. पण गप्प उभी राहिले, कारण मलाही तेव्हाच कळलं की बाटली कोण रिकामी करत होतं. मी स्वतःला वेडी समजून बसले होते आणि बाजूच्या खाटेवर उत्तर पडलेलं.

आत्याबाई आता घरी आहेत. धडधड थांबली. हृदयाला इजा नाही म्हणतात. रागानं मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचे पाय चेपत होते. टाचा बघितल्या, भेगा अशा की बोटाचं टोक आत जावं. इतकी वर्षं मी त्या टाचा बघतेय आणि कधी बघितल्याच नाहीत. मग विचारलं, "आत्याबाई, माझ्या गोळ्या का खाल्ल्या हो?"

म्हणाल्या, "तू डाक्टरनीचं सांगायचीस, नि मला वाटायचं, ही माझंच सांगती. झोप, थंडी, सुजल्यालं तोंड. समदं मला हुतं. आदिनाथच्या बाळंतपनापासनं हाय."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? म्हातारपनी नखरे लागलेत म्हनले असते. तुला गुन आला तवा म्हनलं, बघावं घेऊन. एकीनं काय व्हईना. मंग दोन घेतल्या, मंग तीन."

ताई, ती उलटतपासणी माझी नव्हतीच. त्या माझ्या उत्तरात स्वतःला चाचपत होत्या, आणि मी मनात त्यांना नावं ठेवत होते.

दवाखान्यात त्यांचंही रक्त घेतलं होतं. रिपोर्ट काल आणला. एवढ्या गोळ्या पोटात जाऊनसुद्धा त्यांचा आकडा माझ्या पहिल्या आकड्यापेक्षा जास्त निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छातीला गोळ्या लगेच भोवल्या, पण आकडा उतरायला महिने लागतात; आणि हे आजकालचं नाही, बरीच वर्षं असणार, पण किती ते आता कोणालाच सांगता येणार नाही. त्यांना अगदी कमी ताकदीची गोळी दिलीय, वेगळी बाटली, हळूहळू वाढवायची. वय आणि छाती बघून.

आता पुढचं लिहू की नको, असं झालंय. आत्याबाईंनी बजावलंय, "आरतीला सांगू नको. तिला वाटंल, म्हातारी आता निमित्त काढती." पण मी लिहितेच.

तुमच्या बाई घरी आल्या होत्या ना, त्या दिवशी त्या जाग्या होत्या. भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "बाई म्हनत व्हती, पोर हुशार हाय. म्या उठाया गेले. हात टेकला, अंग उचलंना. वाटलं, आता उठून बसले न्हाई तर पोरीचं वाटुळं हुईल. तरी उठंना. बाई निघून गेली. मंग म्या लई रडले, पन तोंड भितीकडंच व्हतं, कुनाला दिसलं न्हाई." तुमची आजी त्यांना सगळ्या गावासमोर "लोळी" म्हणायची म्हणे. म्हणाल्या, "सारी म्हनायची, तवा मला बी वाटाया लागलं, आपुन हावच तशा."

आज सकाळी आम्ही दोघींनी आपापली गोळी घेतली आणि चहाची वाट बघत ओट्यावर बसलो. ह्या घरात येऊन इतकी वर्षं झाली, सकाळच्या वेळी मी त्यांच्याजवळ रिकामी कधी बसले नव्हते. त्यांनी आपली बाटली पदराला पुसली. मग विचारलं, "जया, ह्या गोळीनं म्होरलं नीट व्हतं म्हनतेत. मागलं बी काय भरून निघतं का गं?"

मी उठून चहा टाकला. काय सांगू, ते तुम्ही लिहा.

जया

---

नागापूर
९ एप्रिल २०२५

जया,

तुला नाही ते बोलले. ते भेटल्यावर निस्तरू.

तुझी चिठ्ठी घेऊन दोन दिवस कामावर गेले नाही. मुलगा राम विचारतो, काय झालं. काय सांगू? माझी शाळा सुटली त्याचं कारण थेंबभर रक्तात होतं, आणि ते बघायचं असतं हे कोणालाच माहीत नव्हतं. तिला नाही, बाईंना नाही, मला नाही. माझ्या मुलांना मी लहानपणापासून सांगत आले, आजीसारखं होऊ नका.

तिला खोटं सांगू नकोस. मागलं भरून निघत नाही. पण ते तू सांगायचं नाहीस, मी येऊन सांगते. रविवारी पहिल्या गाडीनं निघते.

तोवर खालचं तेवढं तिला वाचून दाखव. फोन बंद करून, दार लोटून घे.

आई, बाई आल्या त्या दिवशी मी दाराआड उभी होते. तू उठशील म्हणून बघत होते. तू उठली नाहीस तेव्हा तुझ्यावर जो राग धरला, तो आजपर्यंत सोडला नाही. त्याच्याच जोरावर मी कामं केली, पोरं वाढवली. आता तो तुझ्यावर धरता येत नाही आणि दुसऱ्या कोणावर धरावा असं कोणी दिसत नाही. मला फार रिकामं वाटतंय. मी येईन तेव्हा उठू नकोस, पडून राहा. मी तुझ्याशेजारी येऊन निजते.

आरती